घरच्या मैदानावरील सामना

खेळांची बातमी आपल्यापर्यंत येते ती बहुधा निकालाच्या रूपाने. कोण जिंकले, किती गुणांनी जिंकले आणि कोणाचा खेळ चमकला, एवढे समजले की आपली जिज्ञासा शमते. सामना सुरू होण्यापूर्वी मैदान कोणी आखले, पाहुण्या संघाचे स्वागत कोणी केले, जखमी खेळाडूजवळ प्रथम कोण धावले आणि सर्व जण घरी गेल्यावर दिवे कोणी मालवले, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. व्यावसायिक खेळात ही कामे पगारी माणसे करतात. हौशी खेळात मात्र ती कोणीतरी आपणहून अंगावर घेतलेली असतात. इंग्लंडमधील एखादा हौशी रग्बी क्लब आपल्या मैदानावर साखळी सामना कसा घडवून आणतो, हे पाहिले म्हणजे या न दिसणाऱ्या कामांचे मोल लक्षात येते.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यातील रग्बी या गावी असलेल्या शाळेत हा खेळ आकाराला आला. तेथील विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये त्याचे नियम प्रथम लिहून काढले. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात आणि सामना चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून धावता येते, पायाने मारता येतो, सहकाऱ्याकडे फेकताही येतो. पण हाताने फेकताना तो पुढच्या दिशेने फेकण्यास मनाई असते. पुढे तर जायचे, पण चेंडू सोपवायचा तो मागून येणाऱ्याकडे, अशी या खेळाची गंमत आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि पाच गुण मिळतात. त्यानंतर दोन उभ्या खांबांमधून व आडव्या दांडीच्या वरून चेंडू पायाने मारल्यास आणखी दोन गुण पदरात पडतात. दंड म्हणून मिळालेल्या किकचे, तसेच चालू खेळात चेंडूला जमिनीवर टप्पा देऊन मारलेल्या ‘ड्रॉप गोल’चे प्रत्येकी तीन गुण असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कवेत घेऊन खाली पाडणे म्हणजे ‘टॅकल’. कबड्डी पाहिलेल्या वाचकाला ही पकड अगदीच अनोळखी वाटणार नाही. मात्र येथे ज्याच्या हाती चेंडू आहे, त्यालाच पकडता येते.

आता ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ पाहू. हौशी म्हणजे कच्चा किंवा हलक्या दर्जाचा, असा अर्थ आपण कधीकधी नकळत घेतो. खेळाच्या परिभाषेत हौशी खेळाडू म्हणजे खेळण्याबद्दल मोबदला न घेणारा खेळाडू. या एका शब्दावरून रग्बीच्या इतिहासात मोठा कलह झाला. इंग्लंडमधील क्लबांनी १८७१ मध्ये एकत्र येऊन ‘रग्बी फुटबॉल युनियन’ ही संस्था स्थापन केली. उत्तर इंग्लंडच्या कारखान्यांत आणि खाणींत राबणारे अनेक कामगार हा खेळ खेळत. सामन्यासाठी काम सोडावे लागले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी तेथील क्लबांची मागणी होती. संस्थेने हौशीपणाच्या तत्त्वावर बोट ठेवून ती नाकारली. तेव्हा १८९५ मध्ये उत्तरेकडील क्लब हडर्सफील्ड येथे भरलेल्या सभेत वेगळे झाले. त्यांच्यातूनच पुढे तेरा खेळाडूंचा ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ जन्मला. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याला हौशी राहणे सोपे असते; ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला ते परवडत नाही, हे कटू सत्य या फुटीने उघड केले. पंधरा खेळाडूंच्या रग्बीने मोबदल्यावरील बंदी पुढे शंभर वर्षे पाळली आणि १९९५ मध्ये ती उठवली. आज वरच्या पातळीवरील खेळाडू व्यावसायिक आहेत. परंतु गावोगावच्या शेकडो क्लबांतील स्त्री-पुरुष खेळाडू अजूनही हौशीच आहेत. त्यांना पैसे मिळत नाहीत. उलट तेच वार्षिक वर्गणी भरतात आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक सामन्यासाठी थोडे शुल्कही देतात.

या क्लबांचे सामने साखळी पद्धतीने होतात. पूर्वी दोन क्लबांचे चिटणीस पत्रव्यवहार करून आपसांत सामने ठरवीत. इंग्लंडमध्ये १९८७ पासून देशभराची साखळी स्पर्धा सुरू झाली आणि अगदी लहान गावाचा क्लबही एका मोठ्या शिडीच्या पायरीवर उभा राहिला. हंगाम साधारणपणे सप्टेंबरपासून वसंत ऋतूपर्यंत चालतो. गटातील प्रत्येक संघाशी सहसा दोनदा खेळायचे असते : एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. विजयाला चार गुण आणि बरोबरीला दोन गुण, ही सर्वसाधारण रीत आहे. शिवाय चार किंवा अधिक ट्राय केल्यास एक जादा गुण मिळतो. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलेल्या संघालाही एक गुण दिला जातो. त्यामुळे हरणाऱ्या संघालाही शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजण्याचे कारण उरते. हंगामाच्या अखेरीस वरचे संघ वरच्या गटात चढतात आणि तळाचे संघ खाली उतरतात.

घरच्या मैदानावर खेळण्यात लाभ असतो, असे सर्वच खेळांत मानले जाते. माती ओळखीची असते, वाऱ्याची दिशा माहीत असते, ओरडून धीर देणारी माणसे आपली असतात. पण या लाभाबरोबर एक जबाबदारीही येते. ज्याला हरवायचे आहे, त्याचेच आपण यजमान असतो. त्याला सुरक्षित मैदान, स्वच्छ खोली, गरम पाणी आणि सामन्यानंतर जेवण देणे हे यजमान क्लबचे काम असते. चुरस आणि आतिथ्य या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच जागी सांभाळायच्या असतात.

तयारी सामन्याच्या कितीतरी आधी सुरू होते. रग्बीचे मैदान दोन गोलरेषांदरम्यान जास्तीत जास्त शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद असते. गवत कापायचे, पांढऱ्या रेषा आखायच्या, उभ्या खांबांना खाली जाड गादीचे वेष्टन बांधायचे आणि नेमून दिलेल्या जागी चौदा निशाणे रोवायची. खांबांमधील अंतर ५.६ मीटर आणि आडवी दांडी जमिनीपासून तीन मीटर उंचीवर, हे माप कायम असते. खांबाला बांधलेली गादी शोभेसाठी नसते. भरधाव धावणारा खेळाडू त्यावर आदळला तर त्याचे हाड वाचावे, यासाठी ती असते. इंग्लंडच्या हिवाळ्यात मैदान दोन प्रकारे दगा देते. पावसाने ते तळ्यासारखे होते किंवा रात्रीच्या थंडीने दगडासारखे गोठते. गोठलेल्या जमिनीवर खाली पडणे फार धोक्याचे असते. म्हणून शनिवारी सकाळी कोणीतरी मैदानभर हिंडून जमीन पायाने चाचपून पाहते. सामना होणार नसेल, तर पाहुणे घरून निघण्यापूर्वीच तसा निरोप त्यांना जायला हवा. हौसेने शे-दीडशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसांना दारातून परत पाठवणे कोणत्याही यजमानाला शोभत नाही. अर्थात मैदान खेळण्यायोग्य आहे की नाही, याबाबत अखेरचा शब्द पंचांचा असतो.

दुसरी काळजी खेळाडूंची. व्यावसायिक संघाचा खेळाडू रोज सरावाला हजर असतो. हौशी संघातील खेळाडू शिक्षक असतो, सुतार असतो, परिचारिका असते, विद्यार्थी असतो. कोणाची पाळी बदलते, कोणाचे मूल आजारी पडते, कोणाचा घोटा मागच्या सामन्यात मुरगळलेला असतो. सराव आठवड्यातून एक-दोन सायंकाळी, दिवसभराचे काम आटोपल्यावर होतो. शुक्रवारी रात्री पंधरा नावे कागदावर असतात. शनिवारी सकाळी त्यांतली दोन गळतात आणि चिटणिसाचा फोन सुरू होतो.

त्यातही पहिल्या फळीतील तिघांची जागा कोणालाही देता येत नाही. याचे कारण ‘स्क्रम’. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून, खांद्याला खांदा जोडून एकमेकांना भिडतात आणि मध्ये सोडलेला चेंडू मिळवण्यासाठी रेटा देतात. एकेकाचे वजन शंभर किलोच्या आसपास धरले, तरी प्रत्येक बाजूने आठशे किलोंचा भार पहिल्या फळीतील तिघांच्या माना-खांद्यांवर येतो. या जागी अननुभवी माणूस उभा केला आणि स्क्रम कोसळला, तर मानेला गंभीर दुखापत होऊ शकते. म्हणून नियम असा की, पहिल्या फळीसाठी प्रशिक्षण घेतलेले खेळाडूच तेथे उभे राहतील. तसे खेळाडू उरले नाहीत, तर स्क्रम विनारेट्याचा होतो. दोन्ही बाजू नुसत्या जुळतात आणि ज्या संघाने चेंडू आत सोडला, त्यालाच तो मिळतो. खेळ पुढे चालतो, पण त्याचा एक जीवच निघून जातो. तेव्हा पहिल्या फळीतला चाळिशीकडे झुकलेला एखादा खेळाडू ‘यंदाचा हंगाम शेवटचा’ असे दरवर्षी म्हणत पुन्हा बूट घालतो, यात नवल नाही.

सामन्याच्या दिवशी क्लबच्या आवारात कामांची वाटणी झालेली असते. एक जण वाहने लावून घेतो. दुसरा पंचांचे स्वागत करतो. खालच्या पातळीवरील पंच हेही हौशीच असतात. पंचांच्या स्थानिक मंडळाने त्यांची नेमणूक केलेली असते आणि आपला शनिवार ते खेळाला देतात. रेषापंच बहुधा दोन्ही क्लब आपल्यातूनच एकेक पुरवतात. आपल्याच क्लबचा चेंडू रेषेबाहेर गेला, तर तसे निशाण निःपक्षपातीपणे वर करणे ही त्या माणसाची परीक्षा असते. प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती पेटी घेऊन रेषेजवळ थांबते. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांखाली आच लागते. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हणून ज्या मैदानावर दिव्यांची सोय नाही, तेथे सामना लवकर सुरू करावा लागतो.

मग शिट्टी वाजते आणि ऐंशी मिनिटे आतिथ्य बाजूला राहते. अंगावर अंग आदळते, चिखलाने दोन्ही संघांचे रंग एकच होतात. तरीही या दांडगाईला शिस्तीचे कुंपण असते. पंचांशी बोलायचे ते फक्त कर्णधाराने, असा संकेत आहे. निर्णय पटो वा न पटो, हुज्जत घालणाऱ्या संघाला दंड होतो. टॅकल कोठे करावा, यालाही मर्यादा आहे. इंग्लंडमधील हौशी रग्बीत २०२३-२४ च्या हंगामापासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर टॅकल करण्यास बंदी आहे. डोक्यावर डोके आपटण्याचे प्रसंग कमी व्हावेत, हा त्यामागील हेतू होय.

क्लबची खरी कसोटी पुष्कळदा गुणफलकावर दिसत नाही. अशी कल्पना करा की, सामना संपायला दहा मिनिटे उरली आहेत. यजमान संघ दोन गुणांनी मागे आहे आणि त्यांचा सर्वोत्तम किकर टॅकलमधून उठताना किंचित अडखळतो. तो म्हणतो, “मला काही झाले नाही.” अशा वेळी काय करायचे? मेंदूला हादरा बसल्याची शंका जरी आली, तरी खेळाडूने मैदान सोडायचे आणि त्या दिवशी परत यायचे नाही, हा हौशी रग्बीचा नियम आहे. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांनुसार अशा खेळाडूला किमान एकवीस दिवस स्पर्धेत उतरता येत नाही. मोठ्या स्टेडियमवर तज्ज्ञ डॉक्टर असतात, दृश्य पुन्हा पुन्हा पाहण्याची सोय असते. येथे असते ती फक्त रेषेजवळ उभी असलेली, प्रथमोपचार शिकलेली, त्या खेळाडूला लहानपणापासून ओळखणारी एखादी व्यक्ती. सामना हातचा जाईल हे दिसत असतानाही तिला त्याला बाहेर बोलवावे लागते, आणि प्रेक्षकांना व सहकाऱ्यांना तो निर्णय मान्य करावा लागतो. गुण पुढच्या शनिवारी पुन्हा मिळवता येतात. मेंदूला झालेली इजा तशी भरून काढता येत नाही.

अखेरची शिट्टी होताच यजमानपण परत येते. एका संघातील खेळाडू दोन रांगा करून उभे राहतात आणि टाळ्या वाजवत दुसऱ्या संघाला मधून जाऊ देतात. मग दुसरा संघही तसेच करतो. अंघोळी झाल्यावर सर्व जण क्लबच्या इमारतीत एकत्र जेवतात. अर्ध्या तासापूर्वी ज्याने आपल्याला चिखलात लोळवले, त्याच्याच शेजारी बसून गरम अन्न खायचे, ही या खेळाची जुनी परंपरा आहे. दोन्ही कर्णधार चार शब्द बोलतात आणि पंचांचे, तसेच स्वयंपाकघरातील मंडळींचे आभार मानतात. या जेवणघरातील विक्री, वर्गणी, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि सभागृह भाड्याने देऊन येणारे पैसे, यांवर क्लबचा बराच खर्च भागतो. पाहुणे गेल्यावर निकाल कळवायचा असतो, खोल्यांतील चिखल धुवायचा असतो आणि पंधरा-वीस सदरे धुण्यासाठी कोणीतरी घरी न्यायचे असतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याच मैदानावर लहान मुलामुलींचा सराव असतो. त्यांना शिकवणाऱ्यांत आदल्या दिवशी खेळलेलेही काही जण असतात.

एवढ्या श्रमांवर उभी असलेली संस्था कशाने मोडते? पैसे संपल्याने मोडते, असे आपण म्हणू. पण आपल्याच देशातील एक जुनी हकिकत वेगळे सांगते. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कोलकात्यात तेथील ब्रिटिशांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. थोड्याच वर्षांत ब्रिटिश पलटण शहरातून हलली. उरलेल्यांना तेथील उष्म्यात पोलो आणि टेनिस हे खेळ अधिक मानवले. बँकेत पैसे शिल्लक होते, पण मैदानावर उतरायला माणसे नव्हती. तेव्हा सभासदांनी क्लब बंद करून खात्यातील चांदीचे रुपये काढले, ते वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. तो चषक १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संस्थेला भेट देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ १८७९ पासून या ‘कलकत्ता चषका’साठी खेळत आले आहेत. चषक अमर झाला, पण ज्या क्लबने तो दिला, तो क्लब राहिला नाही. तिजोरीतील चांदीने क्लब जगत नाही. शनिवारी सकाळी दार उघडणाऱ्या माणसाने तो जगतो, असेच ही हकिकत सुचवते.

पुढे त्याच शहरात रग्बी पुन्हा रुजला आणि आज तेथील स्थानिक मुले-मुली तो खेळतात. मुंबईत आझाद मैदानालगत १८७५ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना हे या खेळाचे जुने केंद्र आहे. मुंबईच्या पावसाळ्यात क्रिकेट थांबते, तेव्हा मऊ झालेल्या जमिनीवर रग्बी खेळला जातो. इंग्लंडमधील चिखलाचे काम येथे पाऊस करतो. भारतीय रग्बी महासंघाची स्थापना १९९८ मध्ये झाली. भारताच्या महिला संघाने पंधरा खेळाडूंचा आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये खेळला आणि २०१९ मध्ये सिंगापूरला हरवून पहिला विजय मिळवला. या खेळाडूंमागेही कोठेतरी मैदान आखणारे, चेंडू उचलून ठेवणारे आणि सरावाला रोज वेळेवर येणारे हात आहेतच.

हौशी क्लबचा साखळी सामना ही वृत्तपत्राच्या दृष्टीने फार तर एका ओळीची बातमी असते. ती ओळ दोन संघांची नावे आणि दोन आकडे सांगून संपते. परंतु त्या दोन आकड्यांसाठी सकाळी मैदान तपासणारा, दुपारी विरोधी संघाच्या बाजूने निशाण वर करणारा, आपल्या खेळाडूला वेळीच बाहेर बोलावणारा आणि रात्री खोल्या धुणारा असे अनेक जण राबलेले असतात. आपल्या परिसरातील कबड्डीचे मंडळ असो, तालीम असो किंवा फुटबॉलचा संघ असो, तेथेही अशी माणसे असतात. पुढच्या वेळी सामना पाहायला जाल, तेव्हा थोडे लवकर जा आणि रेषा कोण आखत आहे, तेही पाहा. कदाचित त्याला दोरीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे असेल.